उतरणारं हाय का कोण?

दामू,

गल्लीत सगळे म्हणतायत, दामूनं औषध घेतलं.

आपल्याकडं 'औषध घेतलं' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. पिकावर मारायच्या विषाच्या डब्यावर कवटीचं चित्र असतं, तरी त्याला आपण औषधच म्हणतो. ते कुणाच्या पोटात गेलं की माणसं आवाज खाली आणून हे दोनच शब्द बोलतात. पलीकडची यमुनाकाकू परवा भेटायला आली, आईजवळ बसून घटकाभर रडली, आणि जाताना दारात माझ्या कानाला लागून म्हणाली, "काय पोरीबिरीचं परकरन हुतं का गं?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या चपला तिकडं आहेत." तू असतास तर पोट धरून हसला असतास. तू असतास तर ती आलीच नसती म्हणा.

तू औषधच घेतलंस, दामू. खरंखुरं, दवाखान्यातलं, काचेच्या कुपीतलं औषध. दुखत होतं म्हणून घेतलंस. तुला मरायचं नव्हतं. आडवा होताना तू तुझ्या गाडीच्या ड्रायव्हरला, इस्माईलभाईंना, "सकाळी च्याला उठवा" म्हणालास. मरायला निघालेला माणूस सकाळच्या चहाचं सांगून ठेवत नाही. हे मी किती जणांना सांगू? पोलिसांना सांगितलं, मामांना सांगितलं, शाळेत हेडबाईंना सांगितलं. सगळे मान हलवतात आणि कुणालाच ते पटलेलं नसतं. म्हणून आता तुला सांगते. तुला माहीत आहे तेच सांगते आहे, कारण न भांडता ऐकून घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. तू भांडायचास, पण ऐकायचास तरी.

संध्याकाळ कठीण जाते. तुझी नातेपुत्याची वस्तीची गाडी दुपार कलली की सोलापूर सोडायची, मुक्कामाला तिकडं राहायची आणि सकाळी परत यायची. तू घरात नसायचास ती वेळ, म्हणजे खरं तर मला सवय हवी. पण त्या वेळी मी मनात तुझ्या गाडीबरोबर जायची. आता मोहोळ गेलं असेल. आता हा दांड्यावर तिकिटाचा पंच आपटत ओरडत असेल, "मोडनिंब, मोडनिंब! उतरणारं हाय का कोण?" घरीही तीच आरोळी. पाहुणा जेवण होऊनही उठत नसला की तू पाटावरून हळूच म्हणायचास, "उतरणारं हाय का कोण?" आणि आई पदरात तोंड लपवायची.

मी नवऱ्याचं घर कायमचं सोडून आले तो दिवस आठवतो? गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या. आईचं तोंड उतरलेलं. मी टांग्यात मान खाली घालून बसलेली, पाय खाली टाकवेना. तू बाहेर आलास, माझी ट्रंक उचललीस आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलास, "उतरणारं हाय का कोण? उतरा बाई, उतरा. श्येवटचा स्टॉप हाय, हितनं पुढं गाडी जात न्हाय." बायका हसल्या, आई हसली, आणि मी न रडता घरात आले. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. भावाचे आभार कोण मानतं? पण आता वाटतं, एकदा म्हणायला हवं होतं. दामू, त्या दिवशी तू मला उतरवून घेतलंस म्हणून मी जगले.

आणि मला तुला उतरवून घेता आलं नाही.

दुष्काळाच्या सालात तुझा मुतखडा सुरू झाला. स्टँडावरच्या टाक्या कोरड्या, उन्हानं गाडीचा पत्रा तापलेला, आणि कंडक्टर एरवीही पाणी बेतानंच पितो. प्यायलं की गाडी मध्येच थांबवावी लागते आणि भरलेली गाडी खोळंबते. पहिली कळ आली तेव्हा तू मोरीशेजारच्या फरशीवर गडाबडा लोळत होतास. आई म्हणाली, ह्यापरीस बाळंतपण बरं. आपल्या डॉक्टरांनी येऊन सुई दिली, पेथिडीनची. मी तुझा हात धरून बसले होते. बघता बघता तुझी आवळलेली मूठ माझ्या हातात सुटली. तू डोळे उघडून म्हणालास, "आक्का, दुखतंय अजून. पण दुसऱ्या कुनाचं तरी दुखतंय."

आईनं त्याच दिवशी डॉक्टरांच्या नावानं नारळ फोडला. त्यांना मी तरी काय बोल लावू? खडा पुन्हा पुन्हा येत राहिला. ऑपरेशन झालं, मग त्या टाक्यांचं दुखणं निराळं, आणि प्रत्येक दुखण्याला तीच सुई, कारण दुसऱ्या कशानं गुण येत नव्हता. गाडीत असताना कळ आली तर काय करायचं, म्हणून तुझ्याजवळ ठेवायला दिली. टोचून घ्यायला कंपाउंडरनं शिकवलं. कुठल्या दिवशी दुखणं संपलं आणि नुसती सुई मागं राहिली, ते तुलाही सांगता आलं नसतं.

आपल्याला व्यसन म्हणजे गुत्ता ठाऊक, मटका ठाऊक. तू तर सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाहीस कधी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्यसन लागतं, हे कुणाच्या बापाला माहीत होतं? उकाड्यात तू पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागलास तेव्हा मला वाटलं, नोकरीत बढती मिळाली असेल. तू जेवता जेवता पेंगायला लागलास तेव्हा आई म्हणाली, ड्युटी लई झालीया. हातावरच्या सुईच्या खुणा बघून मुलीकडच्यांनी तुझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा कुठं आमचे डोळे उघडले.

मग उपाय सुरू झाले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, ते मी या दोन डोळ्यांनी बघितलं.

पहिला उपाय मामांचा. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. तू हात ठेवलास आणि रडत रडत शपथ घेतलीस, आणि मी आजही म्हणते, त्या घडीला ती खरी होती. पण अंग शपथ ऐकत नाही. ती मोडली तेव्हा सुईची लाज होतीच, वर नवीन भीती बसली, आता आई मरणार. ती झोपली की तू तिच्या उशाशी बसायचास आणि तिचा श्वास चालतोय का ते बघायचास. शेवटी तीच जागी होऊन ओरडायची, "काय बगतुयास रं? जित्ती हाय मी." आम्हाला वाटलं होतं, शपथ घालून तुला दोरी दिली. ती तुझ्या गळ्यातच पडली.

दुसरा उपायही मामांचाच. कोंडून घालायचं. मधल्या खोलीला बाहेरून कडी, आत पाण्याची घागर. आधी तुला नुसत्या जांभया आल्या, नाकाडोळ्यांतून पाणी गळायला लागलं, भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला. मग उलट्या, जुलाब, आणि पाय असे झाडायचास की भिंतीचे पोपडे पडले. आतून तू आधी विनवण्या केल्यास, मग मामांना शिव्या घातल्यास, आणि मग एकदम तुझा कंडक्टरचा आवाज आला. मोठ्यानं नाही, अगदी हळू. "बाई, गाडी थांबवा. मला उतरायचंय." मामा म्हणाले, नाटकं करतोय. मी कडी काढली. मामा अजून म्हणतात, तू कडी काढलीस म्हणून पोरगं वाया गेलं. म्हणोत. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा काढीन.

तिसरा उपाय अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावचा. तिथला वैदू तुझी नाडी धरून "एनू इल्ल, एनू इल्ल" म्हणाला, म्हणजे काही नाही, काही नाही. त्यानं काळ्या गोळ्या दिल्या. काय गुण आला त्या गोळ्यांचा! सुई सुटली, भूक लागली, तू गाणी म्हणायला लागलास. आईनं वैदूला लुगडं-धोतराचा आहेर करायचा ठरवला. गोळ्या संपल्या आणि तुला पुन्हा त्याच जांभया सुरू झाल्या. तू माझ्याकडं बघून वेड्यासारखा हसत सुटलास. "आक्का, ही बी तीच गं. अफू हाय. वैदूनं मला ह्या गाडीतनं उतरवून त्या गाडीत बशिवलं नुसतं."

तेव्हा मी पहिल्यांदा देवाला म्हटलं, याला ने तरी. हो, म्हटलं मी. माझ्या तोंडून ते निघालं आणि ते त्यानं ऐकलं असेल, तर त्याच्याशी माझं बोलणं संपलं.

शेवटी आपल्या त्याच डॉक्टरांनी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी तुला पहिलं विचारलं ते, "दुखतं का अजून?" एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तू "न्हाय" म्हणालास, मग "हो" म्हणालास, आणि मग तुला बोलताच येईना. त्या थांबल्या. मग त्यांनी आईला आणि मला समजावून सांगितलं, की हा आजार आहे, चालीचा दोष नाही. शपथ घालू नका, मारू नका, कोंडू नका. वाटा दोन आहेत. एक म्हणजे इथं दवाखान्यात ठेवायचं, आमच्या नजरेखाली सुई बंद करायची, त्रास होईल त्याला औषधं द्यायची. पण तो वॉर्ड कुठला ते आईला बाहेरच्या बाईकडून कळलं होतं. ती ताडकन उठली. "माजं लेकरू येडं न्हाय."

मग दुसरी वाट उरली. सुईच्या जागी पोटातून घ्यायचं औषध, बाटलीतलं. ते मी कुलपात ठेवायचं, मीच मापानं द्यायचं आणि माप हळूहळू कमी करत न्यायचं. बाई आईकडं वळून सोप्या शब्दांत म्हणाल्या, "आई, हे एकदम तोडायचं नाही. थोडं थोडं उतरवत आणायचं. पूर्ण उतरलं की याला परत माझ्याकडे घेऊन या. पुढचं तेव्हा सांगते."

आईनं विचारलं, "कुटल्या वारी उतरवायचं?"

बाई म्हणाल्या, "रविवारी उतरवा. या शिक्षिका आहेत ना, रविवारी घरी असतात."

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. येताना गाडीत म्हणाली, "बाई लई जानती हाय. वार बी बराबर सांगितला." मला वाटलं, आईला माप कमी करायचं समजलं. तू खिडकीत डोकं टेकून झोपला होतास, नाहीतर तू तिथंच ओळखलं असतंस. आपल्या आईच्या तोंडी 'उतरवणं' हा शब्द दुसऱ्या कशासाठी आहे का? नजर लागली की मीठ-मोहऱ्या उतरवायच्या. कुणी झपाटलं की दहीभात उतरवून तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. बाईंनी औषधाचं माप सांगितलं, आईनं उतारा ऐकला. दोघी एकच शब्द बोलल्या, दोघींनी एकमेकींकडं बघून मान हलवली आणि मध्ये मी शिकलेली बसले होते, तिलाही कळलं नाही.

काही रविवार छान गेले. सकाळी मी बाटलीतलं माप थोडं कमी करायची. संध्याकाळी आई तुझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची. मला वाटायचं, करू दे बापडीला. तिचं तिच्या परीनं, माझं माझ्या परीनं. तू दोन्ही निमूट करून घ्यायचास. एकदा म्हणालास, "आक्का, तू वरनं उतरव, आई खालनं उतरवू दे. मधी कुटंतरी मी सापडंन." तुझे डोळे पुन्हा तुझे दिसायला लागले होते. इस्माईलभाई घरी येऊन सांगून गेले, "आपा, दामू अब गाडी में फिर मस्करी करताय." मला त्या दिवसांत शाळेतून घरी येताना पाय उचलून टाकावासा वाटायचा. किती दिवसांनी.

पण आई बघत होती. तू रोज त्या बाटलीची वेळ झाली की चुळबुळ करायचास, हे ती बघत होती. तिनं ताडलं, पीडा आहे ती बाटलीत. अवसेला लागून रविवार आला, मी दळण आणायला गिरणीत गेले होते. किल्ली डाळीच्या डब्यात असते हे तिला ठाऊक होतं. तिनं बाटली काढली, तुझ्या अंथरुणावरून उतरवली, दहीभात, लिंबू आणि हळदकुंकवाबरोबर फडक्यात बांधली, आणि तिकटीवर नेऊन दगडानं ठेचली.

मी परत आले तेव्हा ती अंगणात पाय धूत होती. म्हणाली, "झालं बग सगळं. बाईनं सांगितल्यापरमानं समदं उतरवलं. आता ह्याचं नाव काडायचं न्हाय. मागं वळून बगायचं न्हाय."

मी किती ओरडले असते त्या दिवशी! तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तू दारात आलास, आईच्या हातातलं रिकामं ताट बघितलंस, माझं तोंड बघितलंस, आणि तुला सगळं कळलं. एका क्षणात कळलं. पुढं काय होणार तेही, कारण मधल्या खोलीतलं तू विसरला नव्हतास. तू माझा हात दाबलास. आईला म्हणालास, "लई बरं केलंस बग." आणि मला आत नेऊन म्हणालास, "तिला कळू द्यायचं न्हाय आक्का. एवढ्या दिसांत पयल्यांदा तिला वाटलंय, आपुन काय तरी केलं पोरासाठी."

मी म्हटलं, सकाळच्या गाडीनं पुण्याला जाते, दुसरी बाटली आणते. तू म्हणालास, "आनलीस तर तिचा उतारा खोटा पडंल." यावर आपण किती भांडलो, कुजबुजत भांडलो, ती चुलीपाशी ओव्या म्हणत होती आणि आपण आत दात-ओठ खात भांडलो. तू ऐकलं नाहीस. रजा टाकलीस, अंथरूण धरलंस, आणि आईला सांगितलंस की ताप आहे. सगळं पुन्हा झालं, काटा, उलट्या, पाय झाडणं. फक्त या खेपेला तू ओरडला नाहीस. टॉवेल तोंडात कोंबून पडलास. आपल्या सोलापूरचा जाड टॉवेल, तो तू चावून चावून फाडलास. मी तुला लिंबूपाणी पाजत होते, पाय चेपत होते, आणि मनात तुम्हा दोघांनाही शिव्या देत होते.

आणि दामू, तू पार झालास. तेच तर मला सहन होत नाही. तू पार झाला होतास! एका सकाळी उठून तू भाकरी मागितलीस. कडक भाकरी आमटीत चुरून ताटभर खाल्लीस. आई माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होती, बघ, म्हटलं नव्हतं?

पुढचं आपलं भांडण अजून तसंच पडून आहे. मी म्हणत होते, पुण्याला चल. बाईंनी सांगितलंय, उतरलं की परत या, पुढचं तेव्हा सांगते. तू म्हणायचास, "आता कशाला? उतरलं की." मी म्हणायची, खडा पुन्हा आला तर काय करायचं ते तरी विचारू. आई मध्ये पडायची, "नाव काडू नगं म्हनलं न्हवं? उतारा टाकला की मागं वळायचं नसतं." शेवटच्या वेळी मी चिडून म्हटलं, तू आईच्या आडून लपतोस.  तू म्हणालास, "व्हय, लपतोय. मला बी मागं वळून बगायचं न्हाय आक्का. त्या बाईंम्होरं पुन्ना त्यो दामू म्हनून बसायचं न्हाय."  यावरचं उत्तर मला आता रोज नवीन सुचतं. आंघोळ करताना सुचतं, वर्गात पाढे म्हणून घेताना सुचतं. द्यायचं कुणाला?

इस्माईलभाईंनी मला सगळं सांगितलंय. त्या शेवटच्या फेरीला मोहोळ सोडल्यावर खड्याची कळ पुन्हा आली आणि तू घंटीच्या दोरीला धरून वाकलास. ते म्हणाले, गाडी फिरवतो. तू नको म्हणालास. मोडनिंबला तू ओरडलास, "उतरणारं हाय का कोण?" आणि तुझा आवाज फाटला. तूच उतरायचं होतंस, दामू. तिथं दवाखाना आहे, तिथून परत यायला गाड्या आहेत. तू उतरला नाहीस. अंग पिळवटत नातेपुत्यापर्यंत सगळ्यांना ज्याच्या त्याच्या गावाला उतरवलंस. मग वस्तीच्या खोलीत गेलास. तिथल्या तुझ्या वळकटीत जुनी कुपी आणि सिरिंज राहिली होती, मागच्या दिवसांतली. तू ती मुद्दाम ठेवली होतीस की विसरला होतास, हे मी ठरवणार नाही. तू नेहमीचं माप घेतलंस. नेहमीचं, जुनं. "सकाळी च्याला उठवा" म्हणालास. इस्माईलभाई मला सांगताना हात जोडून उभे होते. "मैं चा लेको गया आपा, बोत हिलाया. उठ्याच नै."

तेरावा झाल्यावर मी एकटीच पुण्याला गेले. का गेले ते मलाही माहीत नाही. बाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "परत बोलावलं होतं ते हेच सांगायला. सुटलेल्या माणसालाच जास्त धोका असतो. अंगाची सवय मोडते, मग आधी जे माप रोज सोसायचं ते सोसत नाही, श्वास बंद पडतो. पुन्हा दुखलं तर काय घ्यायचं, कुणाला दाखवायचं, घरात काय ठेवायचं नाही, तेच सगळं सांगायचं राहिलं." मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?  त्या म्हणाल्या, "त्या दिवशी त्याला जेमतेम आशा वाटायला लागली होती." मी त्यांच्यावर रागवायला गेले होते बहुतेक. रागवता आलं नाही. उलट तिथंच त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

म्हणजे तुझा आजार बरा होणारा होता. उपाय होता, वाट होती, त्या वाटेवर तू अर्ध्याहून जास्त चालून आला होतास. फक्त मागं वळून एकदा पुण्याला जायचं होतं. हे घेऊन मी घरी आले. हे घेऊन मी आता कुठं जाऊ, दामू?

घरी आले तर आई ताटावर बसली होती, पण घास घेत नव्हती. यमुनाकाकू सांगून गेली, ती असंच करते हल्ली. मला बघून आई म्हणाली, "हितं बस. येक इचारायचं हाय." मी बसले.

"त्या दिशी तिकटीवर बाटली टाकून येताना मी मागं वळून बगितलं गं."

मी तिच्या ताटाजवळ सरकले.

"कुत्रं भुकलं. दहीभाताला तोंड लावतंय का काय, काच लागंल त्याच्या जिभंला, म्हनून बगितलं. येकदाच. कुनाला बोलले न्हाय." तिनं माझा पदर धरला. "त्येच फिरलं न्हवं दामूवर? माज्यामुळंच गेला न्हवं?"

मी पुण्याहून उत्तर घेऊनच आले होते. मागं वळून बघितलं म्हणून तू गेला नाहीस, बघितलं नाही म्हणून गेलास. हे खरं आहे आणि ते मी तिला सांगितलं तर ती त्या ताटावरून उठणार नाही. आणि काहीच नाही बोलले तरी उठणार नाही. तू तिला जे कळू दिलं नाहीस, टॉवेल चावून कळू दिलं नाहीस, ते मी कसं सांगणार होते?

मी म्हटलं, "कुत्र्याकडं बगितलेलं धरत न्हाईत, आई."

"कोन म्हनलं?"

"दामू म्हनला."

ती माझ्याकडं बघत राहिली. "कवा?"

"तवाच. दारात हुता त्यो. त्यानं बगितलं तुला वळताना. मला म्हनला, मुक्या जनावरासाठी वळलेलं मागं बगण्यात मोजत न्हाईत."

"मग मला का न्हाय बोलला?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

 आईनं पदरानं डोळे पुसले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. "दामू म्हनला म्हंजी खरं असंल," म्हणाली. अर्धी का होईना, भाकरी खाल्ली तिनं.

तर तुझ्या नावावर मी हे खोटं बोलून बसले आहे. आयुष्यभर तू माझी ट्रंक उचललीस, आता एवढं एक ओझं आणखी उचल. आई थकली आहे, तिचं गाव काही आता लांब नाही. ती उतरेल तेव्हा आधी तुझ्या तोंडावरून हात फिरवेल आणि लगेच विचारेल, कुत्र्याकडं बगितलेलं चालतं, असं तू म्हनला हुतास का रं?

तू हो म्हण.